इटालियन चित्रकार मसाच्चोच्या ‘ट्रिब्यूट मनी’ (कराचे पैसे) या चित्रात एकच म्हातारा तीन वेळा का दिसतो? चित्रकाराची चूक आहे का?

चूक नाही. तो म्हातारा म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, आणि एकाच चित्रात तीन प्रसंग आहेत. फक्त ते डावीकडून उजवीकडे पाहत गेलात तर गोंधळ उडतो. सुरुवात मधोमध आहे.

गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानातली, अध्याय 17. कफर्णहूम गावात मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राला विचारतात, तुमचे गुरू कर भरत नाहीत का? येशू पेत्राला सांगतो: समुद्रावर जा, गळ टाक, पहिला जो मासा लागेल त्याचं तोंड उघड, त्यात नाणं मिळेल, ते तुझ्या-माझ्या वतीनं भर. बायबलमधली गोष्ट इथेच संपते. पेत्र गेला का, मासा लागला का, यातलं एक अक्षर तिथे नाही. पुढचं सगळं मसाच्चोनं रंगवलं, म्हणून त्याला पेत्र तीनदा लागला.

आता मधल्या, येशू आणि शिष्यांच्या घोळक्यातले हात बघा. आखूड अंगरखा घातलेला पाठमोरा माणूस वसुलीवाला. त्याच्या डोक्यामागे तेजोवलय नाही, म्हणजे तो शिष्यांपैकी नाही. येशूचा हात डावीकडे जातो, पेत्राचाही तिकडेच, पण चेहऱ्यावर नाराजी. वसुलीवाल्याचा एक हात मात्र उजवीकडे, दाराकडे. डावीकडे लांब, पाण्याच्या काठाशी, पेत्र झगा काढून ठेवून माशावर ओणवा झालाय. उजवीकडे तोच झगा पुन्हा अंगावर आणि नाणं वसुलीवाल्याच्या हातात. म्हणजे वसुलीवालाही दोनदा आहे! हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

एकाच दृश्यात तेच पात्र पुन्हा पुन्हा आणण्याची रीत मसाच्चोच्या कितीतरी आधीची. आपल्या अजिंठ्यात पहिल्या लेण्यातला महाजनक राजाही असाच अनेकदा भेटतो. मला मसाच्चोचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. त्यानं तिन्ही प्रसंग एकाच जागेत आणि एकाच उजेडात बसवले. उजवीकडच्या इमारतीच्या तिरक्या रेषा मनानं पुढे वाढवा, त्या येशूच्या डोक्यापाशी मिळतात. मागचे डोंगर अंतरासोबत फिके होत जातात. आणि सावल्या डावीकडे पडतात, कारण फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमधल्या ब्रांकाच्ची चॅपल या छोट्या प्रार्थनागृहात खरी खिडकी या भिंतीच्या उजवीकडे आहे. छापील प्रतीत हे कधीच कळत नाही. तिथे उभं राहिल्यावर मात्र वाटतं, त्या खिडकीतला उजेड थेट या माणसांच्या अंगावर पडतोय. सुमारे अडीच मीटर उंच आणि सहा मीटर रुंद असं हे भित्तिचित्र 1425 ते 1427 च्या सुमाराचं. 1428 मध्ये मसाच्चो रोमला वारला, तेव्हा तो अवघा 26 वर्षांचा होता.

काही अभ्यासक या चित्राचा संबंध फ्लॉरेन्समध्ये 1427 साली आलेल्या नव्या करपद्धतीशी जोडतात. मला ते फारसं पटत नाही. त्या चॅपलच्या भिंतींवर मुख्यतः पेत्राचंच आयुष्य रंगवलेलं आहे, त्यात हा प्रसंग येणं स्वाभाविकच.

तीन पेत्रांपैकी एकाकडेच नीट बघायला वेळ असेल तर उजवीकडचा, नाणं देणारा निवडा. पोरवयातल्या मायकेलअँजेलोनं या भिंतीसमोर त्याचीच नक्कल काढली होती. ते रेखाचित्र आज म्युनिकच्या संग्रहात आहे.