गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं?

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी ७० हजार किमी चालली, आठवड्यातून दोनदा कन्नड घाट चढतो. गॅरेजवाला म्हणतो ऑइल लाईफटाइम असतं. खरंय का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : दादा, त्या लाईफटाइमवर अजिबात विसंबू नका. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना साधारण ६० हजार ते १ लाखाच्या दरम्यान ऑइल बदलतात, पण घाटाची चढण आणि वरून आपलं खान्देशातलं ४५ डिग्रीचं ऊन, त्यात ऑइल तापून लवकर खराब होतं, म्हणून आता लांबवू नका. चार थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन बघा, काळपट दिसलं नि जळका वास आला तर लगेच बदला. आणि ग्रेड मॅन्युअल बुकात दिलाय तोच, मेहेरबानी करून दुसरं ऑइल टाकू देऊ नका.