श्रद्धांजलीचं भाषण लिहिणाऱ्या कॅडेटला

नागपूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण वाचलं. आवाज चढवून म्हणायला झकास आहे, टाळ्याही पडतील. पण ‘मृत्यूला कवटाळणारा’, ‘मातृभूमीच्या चरणी’ हे सगळं बाजूला केलं तर कमांडंट राकेश कुमार राणा त्या रात्री कशासाठी निघाले होते, ते त्यात सापडत नाही. ते काम सांग. बाकी कितीही कापलंस तरी बिघडणार नाही.

आणि ते वायुसेनेचे नव्हते, तटरक्षक दलाचे होते. आपल्या नागपुरात वायुसेना नगर आहे, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, म्हणून हेलिकॉप्टर म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी वायुसेनाच येते. तू मात्र नीट सांग. ज्याला मानवंदना द्यायची त्याचं दल चुकवायचं, हे काही बरोबर नाही.

तुझ्या पहिल्याच वाक्यात हेलिकॉप्टर कोसळतं. त्याऐवजी जखमी खलाशापासून सुरुवात कर. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री, पोरबंदरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, ‘हरि लीला’ नावाच्या टँकरवर एक माणूस दुखापत होऊन पडला होता. त्याला उपचारांसाठी किनाऱ्यावर आणायला ध्रुव हेलिकॉप्टर निघालं. आत चौघे, दोन वैमानिक आणि दोन पाणबुडे. टँकरजवळ जात असताना हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. एक पाणबुडा वाचला. कमांडंट विपिन बाबू आणि प्रधान नाविक करण सिंह यांचे मृतदेह लवकर हाती लागले. राणा सापडले नाहीत. जहाजं आणि विमानं शोध घेत राहिली, आणि १० ऑक्टोबरला पोरबंदरच्या नैर्ऋत्येला सुमारे ५५ किलोमीटरवर त्यांचं पार्थिव मिळालं. चौघांचा उल्लेख कर. एकाला मोठं करताना बाकीचे तिघे गाळले जातात, हे मी फार कार्यक्रमांत पाहिलंय.

रात्री जहाजावरून माणूस उचलणं म्हणजे काय, हे तुझ्या श्रोत्यांना माहीत नसणार. तिथे मात्र वेळ घे. मी जमिनीवरचा माणूस, नोकरी हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीत गेली, तरी एवढं सांगू शकतो. दिवसा वैमानिक झाड, इमारत, क्षितिज असं काहीतरी नजरेत धरून हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवतो. रात्रीच्या समुद्रावर यातलं काही नसतं. खाली काळं पाणी, वर काळं आभाळ, आणि भरवसा उपकरणांच्या काट्यांवर. ज्या जहाजाच्या वर थांबायचं ते स्वतःच डोलत असतं, त्याचे खांब आणि तारा वर आलेल्या असतात. वैमानिकाला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं दिसत नाही. दारात बसलेला सहकारी ‘पुढे, आणखी थोडं, डावीकडे’ असं बोलत राहतो आणि विंचची, म्हणजे माणसाला वर-खाली करणाऱ्या यंत्राची, तार खाली सोडतो. तारेच्या टोकाला जाणारा माणूस या दोघांच्या हवाली असतो. हे चार वाक्यांत सांगता आलं, तर ‘शूर’ हा शब्द तुला वापरावा लागणार नाही.

अपघात का झाला, कोणाचं चुकलं, यावर व्यासपीठावरून बोलू नकोस. ते चौकशी करणाऱ्यांचं काम. कोणी प्रश्न विचारलाच तर तसं सांगून मोकळी हो.

तू लिहिलंयस, ‘पार्थिव आलं आणि कुटुंबाला शांती मिळाली.’ हे तुला कोणी सांगितलं? ते वाक्य काढ. शरीर मिळालं नाही तर आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात. आपल्या विदर्भात पळसाला काय तोटा! पण पुतळ्याला अग्नी देणाऱ्याच्या मनात शंका उरतेच. खरं शरीर आलं की ती जाते, आणि मग दुःख नव्याने सुरू होतं. १९६८ मध्ये चंडीगडहून लेहला निघालेलं वायुसेनेचं एएन-१२ विमान १०२ जणांसह हिमालयात नाहीसं झालं. ते बचावाचं उड्डाण नव्हतं, पण वाट पाहणं तसंच. पहिले अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना दिसले. २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, आणखी चौघांचे मृतदेह बर्फातून खाली आले. तोवर कित्येकांची वाट पाहणारी माणसंच गेलेली होती. तिथे कुठली शांती मोजणार?

हवं तर बाहेरचं एक उदाहरण घे. ६ एप्रिल १९७२ रोजी व्हिएतनाममध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका नॅव्हिगेटरला, म्हणजे विमानाचा मार्ग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, सोडवायला गेलेलं ‘जॉली ग्रीन ६७’ हेलिकॉप्टर पाडलं गेलं. आतले सहाही गेले. तो अधिकारी पुढे जमिनीवरून गेलेल्या छोट्या तुकडीमुळे वाचला. त्या सहाजणांचे अवशेष १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत पोहोचले. एकासाठी सहा गेले, मग हिशेब जुळतो का, असं कोणीतरी हमखास विचारतं. मला तो प्रश्नच पटत नाही. बचाव दलात निघण्याआधी हिशेब मांडायला बसलं तर कोणी निघणारच नाही, आणि समुद्रात पडलेल्याला, बर्फात अडकलेल्याला वर बघण्यात काही अर्थ उरणार नाही. तुझं मत वेगळं असेल तर तेच मांड, माझं उसनं घेऊ नकोस.

झेंड्याबद्दल विचारलं होतंस. शवपेटीवर तिरंगा पांघरताना केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि ध्वज दफनात किंवा चितेत जाऊ देत नाहीत. तुमच्या नाटुकलीत पेटी दाखवणार असाल तर हे पाळा. खरं विचारशील तर पेटी दाखवूच नका. मागे व्हायोलिनचं रडकं संगीतही नको.

पाच मिनिटं मिळाली असतील तर चारच मिनिटांचं लिही. नवा मसुदा घेऊन रविवारी सकाळी ये. विंचची तार कशी सुटते ते कागदावर काढून दाखवीन, म्हणजे बोलताना अडखळणार नाहीस. येण्याआधी फोन कर. दहापर्यंत मी भाजी आणायला बाहेर असतो.

तुझे
काकाजी