‘ऑफिसचं काम’ म्हणून लिहिलेली कादंबरी

“ताई, मला अहोजाहो करू नका,” असं तू पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलं आहेस, म्हणून तू म्हणते.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पत्र कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून आलं आहे. नवरा-बायको दोघंही आयटीत, मुलगी दहाची, मुलगा सहाचा. पत्र लिहिणारी दोन वर्षं एक फँटसी कादंबरी लिहिते आहे, इंग्रजीतून. तिच्यातलं जग मात्र सगळं कोकणातलं. रात्री अकराला घर झोपलं की दीड वाजेपर्यंत लिहायचं आणि साडेसहाला डबे करायला उठायचं. येत्या जूनमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत. “आता लिहिणं बंद करावं लागणार. की मीच स्वार्थी आहे?” असं तिनं विचारलं आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू वेळेबद्दल विचारलं आहेस, पण मला अडलं ते मध्येच आलेलं एक वाक्य: “नवऱ्याला वाटतं, मी ऑफिसचं काम करते.”

दोन वर्षं! म्हणजे तू ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त जीव लावला आहेस, ती तुझ्या घरात कुणालाच ठाऊक नाही. सकाळी तू चिडचिड करतेस तेव्हा नवरा तुझ्या मॅनेजरला दोष देतो आणि मुलगी म्हणते, “मम्मा सकाळी नेहमी रागावलेली असते.” तू स्वार्थी अजिबात नाहीस. पण चोरून लिहिणं सोड. लिहिणं नको सोडूस, ते चोरून करणं सोड.

पहिलं कारण झोपेचं. पाच तासांच्या झोपेवर नोकरी, दोन मुलं आणि एक अख्खं काल्पनिक जग पेलत नाही. चोरलेला वेळ नेहमी रात्रीचाच असतो, कारण दिवसाचा मागावा लागतो. आणि मागायचा तर सांगावं लागतं.

दुसरं कारण जरा रुक्ष आहे, पण महत्त्वाचं. ऑफिसचं काम वाटावं म्हणून तू ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहितेस. ते आजच थांबव. नोकरीच्या करारात बहुधा एक कलम असतं, की तुम्ही जे घडवाल त्यावर कंपनीचा हक्क. कॅलिफोर्नियाचा कामगार कायदा, त्यातलं कलम 2870, इथे कर्मचाऱ्याच्या बाजूनं उभं राहतं: स्वतःच्या वेळात, कंपनीची साधनं न वापरता केलेलं आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काम तुमचंच. यातली ‘साधनं न वापरता’ ही अट तू रोज रात्री मोडते आहेस. साधा जुना लॅपटॉप घे आणि फाइल्स कशा हलवायच्या ते आधी करार वाचून ठरव. तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेस, तेव्हा आणखी एक. लिहायला कुणाची बंदी नाही, पण लिखाणाचे पैसे घेणं हा वेगळा प्रश्न होतो. प्रकाशकाच्या करारावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोल. आणि वाचून देण्याचे किंवा छापण्याचे पैसे तुझ्याकडेच मागणारा कुणी भेटला, तर तिथून उठून ये. चांगला एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाकडे नेणारा, पुस्तक विकलं गेल्यावर आपली टक्केवारी घेतो, इथे साधारण पंधरा टक्के.

आता नवऱ्याशी बोलणं. ते रात्री अकराला करू नकोस, आणि भांडणाच्या शेवटी तर मुळीच नको. शनिवारी मुलं पोहायला गेली की सरळ सांग: “मी दोन वर्षं एक कादंबरी लिहिते आहे. तुझ्यापासून लपवली, कारण अर्धवट राहिली तर लाज वाटेल अशी भीती होती.” तो दुखावेल. लिहिण्यामुळे नाही, लपवल्यामुळे. ते ऐकून घे, लगेच बाजू मांडू नकोस. पहिली तीन प्रकरणं त्याच्या हातात दे. त्याला फँटसी आवडत नसेल तरी चालेल. काय चाललं होतं ते त्याला कळायला हवं.

उर्सुला ल ग्वीन ही फँटसीतली फार मोठी लेखिका. तुझ्याच भागातल्या बर्कलीत 1929 साली जन्मली. तीन मुलं वाढवताना तीही रात्री, मुलं झोपल्यावरच लिहायची. पण तिच्या नवऱ्याला, घरच्यांना ते माहीत होतं. तिनं पुढे लिहून ठेवलं, त्याचा आशय असा: एका माणसाला दोन पूर्णवेळ कामं झेपत नाहीत, पण दोन माणसांना मिळून तीन झेपतात. तुमच्या घरचा हिशेब करताना नवऱ्याचंही काही त्यात धर. त्याचा तबला चार वर्षं कव्हरमध्ये आहे, हे तूच लिहिलं आहेस. तुला मंगळवार आणि गुरुवारची रात्र, साडेआठ ते साडेनऊ. मुलांना झोपवणं त्याच्याकडे. त्याला सोमवार-बुधवार, तेव्हा ते काम तुझ्याकडे. रविवारी मुलं मराठी शाळेत असतात ते दोन तास तू बाहेर गप्पांत किंवा गाडीत फोन बघण्यात घालवतेस. तेही धर. आणि या वर्षी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाला नाही म्हण. वाईट दिसेल, मला माहीत आहे. पुढच्या वर्षी कर.

असे आठवड्याला चार तास झाले. तासाला चारशे शब्द म्हटले तरी सोळाशे. साठ आठवड्यांत शहाण्णव हजार. मोठ्यांसाठीची पहिली फँटसी कादंबरी साधारण एवढीच असते. सव्वा वर्ष लागेल, आणि रोज अकराला झोपून.

लेकीला पूर्ण हस्तलिखित वाचायला देऊ नकोस. दहा वर्षांच्या मुलीवर आईच्या पुस्तकाला दाद देण्याचं ओझं नको. तिला नकाशा काढायला सांग. नदी कुठून येते, देवराई कुठे संपते. तिचे प्रश्न तुला कुठल्याही संपादकापेक्षा लवकर सांगतील, की कुठली जागा अजून तुझ्याच डोक्यात धूसर आहे.

आणि सासूबाई. तुझ्या पत्रातला हा भाग वाचताना मी थांबलेच. तुझ्या कादंबरीची सुरुवात काय, तर एक गाव देवाचा कौल मिळताच तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर निघून जातं, गुरंढोरं, कुत्री-कोंबड्या घेऊन, आणि मागे रिकाम्या घरांत कोण वावरतं ते कुणी पाहायचं नसतं. ही तर मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण! रामेश्वराचा कौल घेऊन साधारण चार वर्षांनी होते ती. तुझे वेशीवरचे झिजलेल्या चपलांचे देव म्हणजे आरवलीचा वेतोबा. रात्री गावभर हिंडून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. आणि हे सगळं तुला कुणी सांगितलं? लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात, पडवीत बसून, सासूबाईंनी. त्या आचऱ्याच्याच. आणि जून उजाडला की त्यांच्यापासून लपवायला तू कादंबरी बंद करणार आहेस.

बाईला इथे दिवसभर घरात काय असतं, याचाही विचार कर. गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणी बोलायला नाही, सून-मुलगा मीटिंगमध्ये, नातवंडं शाळेत. मी माझ्या सासूबाईंना असंच खिडकीशी बसवून ठेवलं होतं, ते मला आजही टोचतं. मला त्यांना गावाबद्दल कितीतरी विचारायचं होतं. मी विचारलं नाही.

त्या येण्याची वाट बघू नकोस. या शनिवारी सकाळी साडेसात म्हणजे तिकडे रात्रीचे आठ, जेवणं झालेली असतील. नातवंडांचं बोलणं आटोपलं की फोन तुझ्याकडे घे आणि विचार: “आई, गावपळणीत तुम्ही लहान असताना वेशीबाहेर झोपडीत झोपायचात ना, तिसऱ्या रात्री मोठी माणसं काय बोलत बसायची?” वही हाताशी ठेव. त्यांनी विचारलंच, हे मध्येच कशाला, तर खरं काय ते सांग.