‘आता वाट मोकळी झालीये, दुसरं घरीच होऊ दे ना’

सातवा महिना सरत आलेली २७ वर्षांची बाई, बरोबर सासूबाई, आणि आईचा पदर मुठीत धरून उभी असलेली साडेतीन वर्षांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बोलायला सुरुवात सासूबाईंनीच केली. “पहिलीच्या वेळी दवाखान्यात नेली, तर हाल झाले पोरीचे. आता वाट मोकळी झालीये, दुसरं घरीच होऊ दे ना. आमची पाच घरातच झाली.” वर नणंदेचा दाखला. ती इंग्लंडात असते. तिचं दुसरं मूल घरीच झालं, सरकारी सुईणी घरी आल्या, पैसाही लागला नाही. मग आपण केलं की अडाणी कसे?

हा प्रश्न वरचेवर येतो. त्यावर तिथल्या तिथे ‘नाही’ म्हटलं की बाई मान डोलावते, निघून जाते आणि ठरवलेलंच करते. म्हणून आधी विचारायचं: पहिल्या वेळी नेमकं काय झालं होतं?

सासूबाई नातीला पाणी पाजायला बाहेर गेल्या तेव्हा ती बोलली. रात्रभर टेबलावर एकटी होती. आईला दाराबाहेर बसवलेलं. उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. “बाळ रडलं, मला दाखवलं, आणि मग एकदम दोघी जणी पोट दाबायला लागल्या. जोरजोरात. एकमेकींवर ओरडत होत्या, माझ्यावर पण. सुया टोचल्या. माझं काय चुकलं तेच कळलं नाही.” तिच्या लेखी ‘घर’ म्हणजे जिथे कुणी ओरडणार नाही अशी जागा.

डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं होतं. घडीवर शाई पुसट झाली होती, तरी वाचता आलं: वार (बाळामागून पडते ती) ४० मिनिटांनी, पीपीएच (म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव), अंदाजे ९०० मिली, सलाईनमधून ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळायचं औषध) २० युनिट, घरी सोडताना हिमोग्लोबिन ७.८. म्हणजे ज्या दहा मिनिटांचा तिला राग होता, त्या दहा मिनिटांत तिचा जीव वाचवणं चाललं होतं. साडेतीन वर्षांत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ओरडण्याचं समर्थन यातून होत नाही. पोट का दाबतोय हे सांगायला एक वाक्य पुरतं, आणि ते हातातलं काम चालू ठेवून सांगता येतं.

मग सासूबाईंना आत बोलावून दोघींना एकत्र समजावलं. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त खेळतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायला टाके नसतात. पिशवीचे स्नायूच आवळून त्यांना चिमटा घेतात. पिशवी आवळली नाही, किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर नळ उघडा राहिल्यासारखं होतं. एकदा असं झालेल्या बाईला पुढच्या खेपेला ते पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ९०० मिली रक्त गेलं तेव्हा सलाईन, औषध, हात सगळं जागेवर होतं. वाडीवर ते नसतं, आणि तालुका २२ किलोमीटर, मधे ओढा.

सासूबाईंचं ‘वाट मोकळी’ मात्र खरं आहे. पहिलटकरणीच्या कळा १२–१८ तासही चालतात, दुसऱ्या खेपेला बहुधा त्याच्या निम्म्या वेळात आटोपतं, आणि जोर करायला लागल्यावर तर अर्ध्या तासातही बाळ येतं. पण ही मोकळी वाट बाळासाठी. रक्तस्राव त्यानंतरचा, आणि भराभर झालेल्या बाळंतपणात तो उलट जास्तच होऊ शकतो.

नणंदेचं उदाहरण खोटं नाही, म्हणून ते झटकायचंही नाही. २०११ साली इंग्लंडमध्ये जन्मस्थळांबद्दलचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. धोका कमी असलेल्या, आधी बाळंत झालेल्या बायकांच्या बाबतीत ठरवून घरी केलेल्या बाळंतपणात बाळाला जास्त धोका दिसला नाही. पण तिथे घरी प्रशिक्षित सुईणी येतात, बाळाला श्वास द्यायची पिशवी-मास्क, रक्तस्रावाचं इंजेक्शन बरोबर आणतात, आणि अडलं तर हलवायची व्यवस्था आधीच लागलेली असते. तरीही घरी सुरुवात केलेल्या अशा शंभरातल्या साधारण बाराजणींना दवाखान्यात हलवावं लागलं. आणि तिथल्याच सूचनांप्रमाणे आधीच्या खेपेला उपचार करावे लागतील इतका रक्तस्राव झालेल्या बाईला डॉक्टर असलेल्या प्रसूतिगृहाचाच सल्ला देतात. थोडक्यात, ही सून इंग्लंडात असती तरी तिला घर सुचवलं नसतं. हे ऐकून सासूबाई पहिल्यांदा गप्प झाल्या.

गावात ‘इंजेक्शन देणारा एक जण’ होता, हेही पुढे निघालं. कळा वाढाव्यात म्हणून बाळ यायच्या आधी घरी ऑक्सिटोसिन टोचणं हा सगळ्यांत घातक प्रकार आहे. कळा ताबा सोडतात, बाळाचा प्राणवायू कमी पडतो, पिशवी फाटू शकते. हेच औषध बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात मांडीत १० युनिट दिलं तर जीव वाचवतं. औषध तेच, फरक वेळेचा. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, खिशात फिरवून त्याचा जोर जातो.

आता योजना. हिमोग्लोबिन ९.२ होतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या रोज दोन गोळ्या दिल्या. ती गोळी चहाबरोबर घेत होती, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. महिन्याने परत तपासणी, वाढलं नाही तर शिरेतून लोह.

जागा: सहा किलोमीटरवरचं आरोग्य केंद्र जवळ खरं, पण तिथे रक्त नाही. म्हणून तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय. तिची बहीण तालुक्यातच राहते, ३८वा आठवडा लागला की मुक्काम तिच्याकडे. (आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ असतं, तिथे आधीपासून राहता येतं.) मुलीलाही तिथेच न्यायचं, म्हणजे तिला सोडून जायची धास्ती नाही. ती धास्तीही घरचा हट्ट धरायला लावते, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

सोबत बहीण. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी जवळची एक बाई आत थांबू शकते, केंद्राने २०१६ पासून तशी मुभा दिली आहे. पण हे दाखल होताना नव्हे, आधीच्या तपासणीला सिस्टरना सांगून ठेवायचं, आणि त्याच वेळी जुनं कार्ड दाखवायचं. कळांमध्ये चालू का, कुशीवर झोपू का, हेही तेव्हाच विचारायचं.

निघायचं कधी? दुसऱ्या खेपेला ‘कळा मोठ्या होऊ देत’ म्हणून थांबायचं नाही. दहा मिनिटांत दोन कळा नियमित आल्या, पाणी गेलं किंवा अंगावर रक्त दिसलं की निघायचं. १०२ किंवा १०८, दोन्ही क्रमांक भिंतीवर लिहून.

आणि वाटेतच झालं तर? १०८ ला सांगायचं आणि ते सांगतील तसं करायचं. तिला डाव्या कुशीवर ठेवायचं, पाय आवळून बाळ अडवायचं नाही, ओढायचंही नाही. बाळ कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर, वरून दुपटं. रडलं नाही तर पाठ चोळायची. नाळ कापायची नाही, वार ओढायची नाही. बाळाला लगेच छातीशी लावायचं, त्याने पिशवी आवळते. पंधरा मिनिटांत पॅड पूर्ण भिजला तर बेंबीखाली हात ठेवून पिशवी गोल गोल घट्ट चोळत राहायचं, लघवी करवायची, गाडी थांबवायची नाही.

वाटेत काही झालं नाही. पहाटे दाखल झाल्यावर पन्नास मिनिटांत मुलगा झाला. इंजेक्शन आधीच भरून ठेवलेलं होतं. वार दहा मिनिटांत पडली, आणि पोट दाबताना सिस्टरने आधी सांगितलं, “आता दुखेल, पिशवी घट्ट करतेय.” नव्या कार्डावर रक्तस्राव ३०० मिली लिहिला होता. तो आकडा तिने सिस्टरकडून वाचवून घेतला आणि कार्ड पहिल्या कार्डाच्या घडीत सारून दोन्ही त्याच रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.