बेटावरचे घड्याळ आणि सडलेले सलगम

प्रश्न : मी यावल तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुटीत नातू त्याचा निन्टेन्डो स्विच हा गेम खेळायचा कन्सोल माझ्याकडे ठेवून गेला आणि ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ हा बेटावर घर वसवण्याचा गेम मला लावून देऊन गेला. रोज सकाळी ओट्यावर बसून मी खेळते, पण अर्ध्या तासात करण्यासारखे सगळे संपते. नातवाने फोनवर सांगितले म्हणून कन्सोलचे घड्याळ तीन दिवस पुढे केले. तरीही सलगमाला भाव मिळेना, म्हणून ते पुन्हा मागे आणले, तर ९८ बेल्सच्या (बेल्स म्हणजे गेममधले पैसे) भावाने घेतलेले चारशे सलगम सडले. माझे काय चुकले? शिवाय आखाजीला नातू येईल तेव्हा त्याला त्याचे वेगळे बेट हवे आहे. ते कसे करावे?

उत्तर : घड्याळ मागे नेले, एवढेच चुकले. या गेममधील दिवस कन्सोलच्या घड्याळाप्रमाणे चालतो. आपल्याकडे सकाळ तेव्हा बेटावरही सकाळ. रविवारी पहाटे ५ ते दुपारी १२ या वेळात गेममधली डेझी मे नावाची विक्रेती सलगम विकायला येते, साधारण ९० ते ११० बेल्सच्या भावाने. सोमवारपासून शनिवारपर्यंत दुकानातील खरेदीचा भाव दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी १२ वाजता, बदलतो. पुढच्या रविवारपर्यंत माल विकला नाही तर तो सडतो आणि घड्याळ मागे नेले तर लगेच सडतो. यावलच्या माणसाला हा व्यवहार नवा नाही. केळीचा घड एकदा कापला की तो भावासाठी थांबत नाही, आणि रोजचा भाव पाहून आज माल द्यायचा की दोन दिवस धरायचा, हा निर्णय तुमच्या घरातही अनेकदा झाला असेल. त्या अंदाजाने खेळा. सगळा पैसा सलगमात घालू नका आणि घड्याळाला हात लावू नका. सडलेल्यांपैकी एक सलगम मात्र जमिनीवर ठेवून पाहा. त्यावर मुंग्या येतात, आणि जाळ्याने पकडलेली मुंगी संग्रहालयात देता येते. तेथील ब्लेदर्स नावाच्या घुबडाला किड्यांची किळस आहे, तरी तो ती स्वीकारतो.

अर्ध्या तासात काम संपते, हा मला या गेमचा सर्वांत मोठा गुण वाटतो. दुकानातील वस्तू उद्या बदलतील, आज पाणी घातलेल्या फुलांशेजारी उद्या नवे रोप दिसू शकेल, आणि उत्तर गोलार्ध निवडला असेल तर १ ते १० एप्रिल एवढेच दिवस चेरीचा मोहोर राहील. गेममधील टॉम नूक या सावकाराकडून घेतलेल्या घराच्या कर्जाला व्याज नाही, मुदतही नाही. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत कसे भरावे या काळजीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही मोकळीक किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको. घड्याळ पुढे करून ते दिवस एका बैठकीत संपवले, तर उद्या सकाळी बेटावर जाण्याचे कारणच उरत नाही.

वेगळ्या बेटाबद्दल सांगायचे तर एका कन्सोलवर एकच बेट होते. गेमचे दुसरे कार्ड विकत आणूनही उपयोग नाही, कारण बेट कार्डात नव्हे, कन्सोलमध्ये साठवलेले असते. मात्र त्याच बेटावर आठ जणांपर्यंत राहता येते. नातवासाठी कन्सोलवर वेगळे प्रोफाइल करा, म्हणजे त्याचा तंबू आणि पुढे त्याचे घर तुमच्या बेटावर उभे राहील. बेटाची मुख्य कामे पुढे नेण्याचा मान पहिल्या रहिवाशाचा, म्हणजे तुमचा राहतो. हे त्याला आधीच सांगून ठेवा.

मला तर एकच बेट बरे वाटते. या मालिकेचा पहिला गेम जपानमध्ये २००१ साली आला. तो घडवणारे कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबा सोडून क्योटोला आले, तेव्हा घरच्या माणसांची उणीव त्यांना जाणवली, आणि पुढे कामावरून उशिरा घरी येणाऱ्याला घरातल्यांबरोबर एकाच खेळात वेगवेगळ्या वेळी भाग घेता यावा, असेही त्यांच्या मनात होते. तुम्ही पहाटे खेळाल, नातू दुपारी उठून खेळेल. सूचनाफलकावर त्याच्यासाठी दोन ओळी लिहा, त्याच्या दाराशी फळे ठेवा.

वैशाखात आपल्याकडे पारा ४४ अंशांवर जातो आणि हा कन्सोल ५ ते ३५ अंश तापमानात वापरण्यासाठी बनवलेला आहे, म्हणून दुपारी तो ओट्यावर नको. घरात, सावलीत ठेवा. आखाजीपूर्वी नदीकाठी तंबूपुरती मोकळी जागा राखा. आणि सुटी संपल्यावर नातवाने कन्सोल परत नेला, तर बेटही त्याच्याबरोबर जाईल. तेव्हा तो तुमच्याकडेच राहील का, हे तो आल्या दिवशीच विचारून घ्या.