नापास झालेला मुलगा जीनियस असू शकतो का?

तुम्ही विचारलंय की भाचा बारावीत नापास झाला आणि आजोबा सगळ्यांना सांगतात, "रामानुजनही नापासच झाला होता." यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण अर्धं. कुंभकोणमच्या कॉलेजात रामानुजनची स्कॉलरशिप गेली, पुढे मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातून एफ.ए.लाही (कॉलेजातली तेव्हाची पहिली मोठी परीक्षा) तो नापासच झाला. गणित सोडून बाकी विषयांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गणितात मात्र कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीवाल्याचं जाडजूड पुस्तक त्याच्या हाती लागलं होतं. त्यात सुमारे पाच हजार सूत्रं, सिद्धता जेमतेम. ती तो एकेक करून पडताळत बसला, पाटीवर मांडायचं, कोपराने पुसायचं, निष्कर्ष तेवढा वहीत. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत नापास होणं टिकतं, वह्या गळून जातात.

1729 चंच घ्या. आजारी रामानुजनला भेटायला आलेला केंब्रिजचा गणिती हार्डी म्हणाला, टॅक्सीचा नंबर अगदीच नीरस होता. रामानुजन लगेच म्हणाला, छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे (1 आणि 12, 9 आणि 10). आपण ही गोष्ट वीज चमकावी तशी सांगतो. पण ती नोंद त्याने कित्येक वर्षं आधी वहीत करून ठेवली होती! नामगिरी देवी स्वप्नात सूत्रं दाखवते असं तो स्वतःच म्हणायचा, ते मात्र आपण विसरत नाही.

आणि तो एकटाही नव्हता. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी काढणारे रामस्वामी अय्यर, दरमहा पैसे पाठवणारे कलेक्टर रामचंद्र राव, 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये मिळालेली कारकुनी. त्याचा पहिला लेख 1911 मध्ये त्याच सोसायटीच्या नियतकालिकात आला. हार्डीला पत्र गेलं त्यानंतर, जानेवारी 1913 मध्ये.

गंमत म्हणजे महाराष्ट्राने तेव्हा बुद्धिमत्तेचं दैवत बसवलं होतं ते नेमकं उलटं. मुर्डीचे रघुनाथराव परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि 'रँग्लर' हे त्यांचं जणू पहिलं नावच झालं. केंब्रिजने ती गुणानुक्रमाची यादी 1909 नंतर बंद केली, आणि ती बंद व्हावी म्हणून भांडणाऱ्यांत हार्डी होता. आपण अजून रँग्लर परांजपेच म्हणतो.

माझं मत विचाराल तर या दोन्ही भक्ती एकच आहेत. पहिला नंबर काय आणि नापास काय, माप परीक्षेचंच.

मधल्या माणसाचं काय होतं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांकडे बघून कळतं. फर्ग्युसनमध्ये असताना 1927 मध्ये त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं, मग जन्मभर देवळालीला शाळामास्तर. नापास नाहीत, केंब्रिज नाही, अकाली मृत्यूही नाही. त्यांच्या संख्यांच्या खेळाला इथले बरेच गणिती क्षुल्लक समजत. 1975 मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर या गणितावर लिहिणाऱ्या लेखकाने आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आपल्याकडे माना वळल्या. तोवर ते सत्तरीत होते.

भाच्याला त्यांचा 6174 दाखवा. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं). 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8352, मग 6174. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत अशी कुठलीही संख्या तिथेच येऊन थांबते. त्याला हे का होतं असा प्रश्न पडला, तर आजोबांना रामानुजनबद्दल बोलू द्या. नाही पडला तरी काही बिघडत नाही, पुरवणी परीक्षेचा फॉर्म दोन्ही बाबतीत भरायचाच आहे.