हँडबिलावर 'जमात' लिहायचं की 'समाज'?

चिपळूणहून एकांनी विचारलंय की त्यांच्या गावच्या मुस्लिम जमातीच्या लायब्ररीत व्याख्यान ठेवलंय, विषय 'इस्लामिक सोशल सायन्सेस आणि कम्युनिटी इन्स्टिट्यूशन्स', मराठी हँडबिल छापायचंय, तर 'इस्लामी समाजशास्त्र आणि समाजसंस्था' चालेल का, आणि 'जमात' छापलं तर बाहेरच्यांना आदिवासी जमात वाटेल का.

पहिलं म्हणजे समाजशास्त्र नको. मराठीत समाजशास्त्र म्हणजे सोशियॉलॉजी, कॉलेजातला एक विषय, झालं. सोशल सायन्सेसमध्ये अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र सगळंच येतं, म्हणून 'सामाजिक शास्त्रं' असं अनेकवचनच हवं. आता त्याला 'इस्लामी' हे विशेषण लावायचं का, तर इथे भांडण शब्दाचं नाही, विचाराचंच आहे. अमेरिकेत १९७२ साली संघटना निघाली ती 'मुस्लिम समाजवैज्ञानिकांची', म्हणजे मुस्लिम कोण तर माणसं. पुढे पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत इस्माईल राजी अल-फारुकी वगैरे मंडळींनी 'ज्ञानाचं इस्लामीकरण' हा विचार मांडला, १९८१ साली त्यासाठी इन्स्टिट्यूट काढली, १९८४ पासून जर्नलही निघालं, आणि तिथे 'इस्लामिक' हे विशेषण थेट शास्त्रांनाच लागलं. यावर पाकिस्तानी वंशाचे इस्लाम-अभ्यासक फजलुर रहमान यांचं म्हणणं साधारण असं की ज्ञानाला इस्लामी करत बसण्यापेक्षा विचार करणारी माणसं तयार करा. मला स्वतःला हे जास्त पटतं, पण हँडबिल माझं नाही. वक्ते फारुकींच्या बाजूचे असतील तर 'इस्लामी सामाजिक शास्त्रे' छापा, नुसती ओळख करून देणार असतील तर 'सामाजिक शास्त्रांची इस्लामी मांडणी' बरं. कोणती बाजू ते वक्त्यांनाच फोन करून विचारा की.

आता जमात. बिनधास्त लिहा. हा शब्द मराठीत इतका मुरलाय की त्याचे दोन-तीन संसार झालेत, सरकारी कागदात अनुसूचित जमाती, भटक्या जमाती, बोलण्यात वैतागून 'ही पुढाऱ्यांची जमातच तसली', आणि आपल्याकडे बाणकोटपासून राजापूरपर्यंत मुसलमान मोहल्ल्यात जमात म्हणजे मशीद, कब्रस्तान, मदरसा सांभाळणारी, मीटिंग घेणारी, हिशोब मागणारी संस्था, जसं वाडीवाल्यांचं ग्रामस्थ मंडळ असतं आणि त्याची मुंबई शाखा असते तसंच, फक्त इथे मुंबईच्या जोडीला आखातवालेही असतात. 'समाजसंस्था' या शब्दाला हा वास नाही. मुरल्याची खूण पण बघा, आपण 'जमातीची मीटिंग' म्हणतो, शब्दाचं मराठी सामान्यरूप करतो, पण अंजुमनचं (म्हणजे मंडळ, संस्था) मात्र 'अंजुमनची शाळा'च राहतं, 'अंजुमनीची' कोणी म्हणत नाही. मुंबईतली अंजुमन-ए-इस्लाम १८७४ सालची, बद्रुद्दीन तय्यबजींच्या पिढीची, म्हणजे शब्द कानावर पडून दीडशे वर्षं झाली तरी तो नाव म्हणूनच राहिला. गैरसमजाची भीती असेल तर पहिल्यांदा 'गावची मुस्लिम जमात' लिहा, पुढे नुसतं जमात.

गंमत म्हणजे अरबीत सोशियॉलॉजीला 'इल्म-अल-इज्तिमा' म्हणतात, आणि इज्तिमा, जमात, जुम्मा, आपल्या जमाखर्चातला जमा, सगळे एकाच धातूचे. त्याच्याही आधी अरब इतिहासकार इब्न खल्दूननं १३७७ साली 'मुकद्दिमा' हा ग्रंथ लिहिताना आपल्या नव्या शास्त्राला 'इल्म-अल-उमरान' म्हटलं होतं, उमरान म्हणजे माणसांची वस्ती, आबादी, आपली 'इमारत' त्याच घरातली. उर्दूत सोशियॉलॉजीला अजूनही 'इमरानियात' म्हणतात ते यावरूनच ('समाजियात' पण चालतं, म्हणजे उर्दूनं आपला समाजही घेतला).

अजून एक, कार्यक्रमपत्रिकेत वक्फ आला तर त्याचं 'देणगी' करू नका प्लीज. देणगी दिली की घेणारा ती खर्चून टाकतो, वक्फात मूळ मालमत्ता अडकवून ठेवायची आणि फक्त उत्पन्न ठरलेल्या कामाला लावायचं असतं, धातूचा अर्थच थांबणं असा आहे. सांभाळतो तो मुतवल्ली, मालक नव्हे. तेव्हा 'वक्फ' आणि 'मुतवल्ली' तसेच ठेवा, फार तर पहिल्या वेळी पुढे एक ओळ खुलासा द्या. 'बैतुलमाल'ला (म्हणजे जमातीचा सामाईक निधी) मात्र हँडबिलात खुलासाही नको, ज्यांच्या गावात तो आहे त्यांना तो काय ते माहितीच आहे.